चिमण्यांची मोजदाद आणि दूधभाताची वाटी

चिमण्या मोजायला बसलेल्या माणसाला जग सुखानं मोजू देत नाही. जमीन मोजताना मला कधी कुणी हसलं नाही. साखळी टाकली, खुंटी ठोकली, की भले भले जमीनदार मुकाट्यानं बाजूला सरायचे. पण तोच मी सकाळी अंगणात चिकाच्या, म्हणजे बांबूकाड्यांच्या, पडद्यामागे बसून पाखरं मोजायला लागलो, तर दूध घालणारा गवळीसुद्धा कासंडी खाली ठेवून विचारी, "भिया, चिड्यां गिणी रिया हो कंई?" आणि पुढच्या घरी जाऊन सांगे, की मोजणीवाल्यांचं डोकं फिरलंय. त्या एका हिवाळ्यात मी जितका चिडलो, तितका साऱ्या नोकरीत चिडलो नसेन.

मूळचे आम्ही धारचे. वडील, आजोबा सगळे तिथल्याच दरबारच्या चाकरीत. मला मात्र बढतीचं चिन्ह दिसेना, म्हणून धार सोडून देवासला आलो आणि थोरल्या पातीच्या मोजणी खात्यात लागलो. देवास म्हणजे तेव्हा एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या. आमच्या दारावरून जाणारा रस्ता हीच सरहद्द. आमचा ओटा थोरल्या पातीत, समोरच्यांचा धाकट्या पातीत. रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलं तर त्याचं तोंड एका राज्यात नि शेपूट दुसऱ्या राज्यात, अशी चेष्टा बाहेरगावचे पाहुणे करत. आम्हाला त्यात गंमत वाटत नसे. आम्हाला तिथं राहायचं होतं.

पाखरं मोजण्याचं खूळ मला लावलं ते सरदारपूरच्या छावणीतल्या एका साहेबानं. धारला असताना मी नालछ्याकडे मोजणीला गेलो होतो, तिथं हा बंदूक घेऊन पक्षी टिपत हिंडत होता. पक्षी मारायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा. हाच त्याचा अभ्यास. माझा नकाशा पाहून तो खूश झाला. म्हणाला, रानातले पक्षी मी पाहतो, पण तुम्हा लोकांच्या अंगणात दाणे टिपायला कोण कोण येतं, किती येतं, हे मला कोण सांगणार? तू नीट मोजणारा माणूस दिसतोस. एक हिवाळाभर मोज आणि कळव. पगार नाही, भत्ता नाही. पण माझ्या कामाला नीट म्हणणारा वरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, तेव्हा मी हो म्हणून बसलो. देवासला आल्यावर मुहूर्त लागला. आमच्या कुटुंबानं ऐकलं मात्र, लगेच म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

साहेबाची एक अट होती, आणि ती मला फार आवडली होती. एका वेळी डोळ्यांपुढं जितकी पाखरं दिसतील तितकीच धरायची. एक उडाली आणि मग एक आली, तर ती दुसरीच कशावरून? मघाचीच परत आली असेल. म्हणून बेरीज म्हणून करायची नाही. सकाळभरात एकदम जास्तीत जास्त किती दिसल्या, तोच आकडा खरा. वाः! मला वाटलं, हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे.

मोजणं सोपं होतं, ओळखणं कठीण. साहेबानं एक छापील कागद दिला होता, त्यात चित्र एकही नाही. नुसती वर्णनं, तीही इंग्रजीत. वरून तपकिरी, खालून फिकट. अहो, वरून तपकिरी नि खालून फिकट तर आमच्या कचेरीतले निम्मे कारकून होते! चिमणा ओळखता येतो, त्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो. साळुंकी, होला, बुलबुल, पारवा, ही मंडळी घरचीच. पण त्या तपकिरी गर्दीत कोण कुणाची मादी आणि कोण कुणाचं पोर, हे ठरवता ठरवता माझे डोळे दुखून येत. बरं, जरा नजर ठरते न ठरते तोच शेजारचा बोका भिंतीवर, की सगळं भुर्र. त्या बोक्याला मी जेवढे दगड मारले तेवढ्यात एक बांध घालून झाला असता.

हे सगळं चाललं असतं, माझी त्याला हरकत नव्हती. पण त्याच वर्षी आमच्या मुलीला मुदतीचा ताप आला. जेमतेम चार वर्षांची पोर. ताप उतरला तेव्हा अंथरुणावर नुसती हाडं उरली होती. तिच्याआधीची दोन आम्ही घालवली होती, हे इथंच सांगून टाकतो, पुन्हा सांगणार नाही. धारहून आमचे जुने वैद्य मुद्दाम आले, नाडी पाहिली आणि जाताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता अन्नाचं. पोटात अन्न जाऊ लागलं तर पोर तुमची. नाही गेलं तर मला बोलावून काही उपयोग नाही."

आणि नेमकं अन्नालाच पोर तोंड लावीना. मऊ भात केला, दूध घातलं, साखर घातली, तुपाचा थेंब सोडला. तोंड जे मिटलेलं ते मिटलेलं. आपल्याकडे लेकराला भरवताना हा घास चिऊचा, हा घास काऊचा म्हणतात. बहुतेक पोरं नुसत्या नावावर गपागप गिळतात. आमची कसली गिळते! चिऊचा घास म्हटलं की ती विचारी, "कुठाय चिऊ?" चिऊ डोळ्यांनी दिसल्याशिवाय घास आत घ्यायची नाही. तेव्हा तिची आई तिला उचलून सकाळच्या उन्हात अंगणात घेऊन बसू लागली. तुळशीपाशी एक फरशी होती, तिच्यावर तांदळाच्या कण्या नि बाजरी टाकायची, बाजूला पाण्याची परळ. एक पाखरू उतरलं की एक घास. पाखरू नाही तर घास नाही. पोरीचा हिशेब रोखीचा होता.

म्हणजे एकाच फरशीपाशी, एकाच वेळी, नवरा-बायको दोघं पाखरं मोजायला बसलो. मी साहेबासाठी, ती घासांसाठी. आणि तिथंच ठिणगी पडली.

कारण ही बाई मोजण्यात धडधडीत खोटं करी! पाचसहा चिमण्या फरशीवर असायच्या, एखादी तुळशीवर जाऊन बसायची, परत फरशीवर यायची, की लगेच हिचं सुरू, "अगंबाई, ही बघ नवी चिऊ आली! हिचा घास घे." परत ती उडाली, परत आली, "ही बघ तिची बहीण आली!" पडद्यामागे मी हातात पेन्सिल घेऊन दात खात बसलेला. एक दिवस राहवलं नाही. तोंडून निघूनच गेलं, "अगं, बहीण कसली? तीच आहे ती, मघाची! शेपटीचं एक पीस तुटलंय, दिसत नाही?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. चिमणीकडे पाहिलं. आणि ओठाशी आलेला घास तिनं तोंड फिरवून नाकारला. मग कितीही आर्जवं केली, त्या सकाळी एक शीत पोटात गेलं नाही.

कुटुंब माझ्याशी मोठ्यानं कधी बोलत नसे. त्या दिवशी वाटी खाली ठेवून बोलली. "तुमचा साहेब एका चिमणीवाचून उपाशी राहणार नाही. माझी पोर राहील."

"पण खोटं मोजायचं म्हणजे..." मी म्हटलं.

"मोजा ना खरं. कागदावर मोजा. तोंडानं कशाला मोजता?"

म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरीला कळलं होतं की तीच चिमणी परत येऊ शकते. आता तीच आईला सांगू लागली, "ही नको. ही मघाची." तुटक्या शेपटीची, पायाला दोरा अडकलेली, एका डोळ्याभोवती पिसं नसलेली, सगळ्या तिनं वेगवेगळ्या लक्षात ठेवल्या. खरं सांगतो, ऐकून मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत. काय नजर! आणि तिची आई माझ्याकडे अशी बघे, की मी पोरीला एखादं व्यसन लावलंय.

त्यात समोरचे गृहस्थ. हे धाकट्या पातीच्या मोजणी खात्यात, म्हणजे हुद्द्यानं माझीच जोडी. स्वभाव थट्टेखोर, मला न सोसणारा. माझा पाखरांचा नाद कळल्यावर त्यांनी आपल्या ओट्यावर ज्वारी टाकायला सुरुवात केली. मोजणी रंगात यावी आणि आमची निम्मी पाखरं भुर्रकन रस्ता ओलांडून पलीकडे जावीत, असं रोज होऊ लागलं. मी जाऊन सांगितलं, की महाराज, हे काही बरं नाही. तर ओट्यावर मांडी घालून म्हणतात कसे, "मोजणीदार, पाखरांना पाती कळत नाही. कळत असती तरी आमच्याकडेच आली असती. आमची ज्वारी टपोरी आहे." वर डोळे मिचकावून, "आता ही आमच्या हद्दीत आली. हिची नोंद आमच्या कचेरीत होणार!"

मी काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही. त्यांच्या मातोश्री, आळीत सगळे त्यांना काकू म्हणत, त्या आतून ऐकत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं. दिवाळीत दोन्ही घरांच्या फराळाची ताटं रस्त्यावरून इकडून तिकडे जात, ती त्या साली गेली नाहीत. चकल्या खाताना आमच्या कुटुंबानं हे मला दोनदा ऐकवलं.

थंडी चांगली पडली तेव्हा ते नवं पाखरू आलं. अंगानं चिमणीएवढंच, चिमण्यांतच मिसळून दाणे टिपणारं. पण गळ्यावर काळा डाग नाही. तिथं इवलासा पिवळा ठिपका, बोटानं हळद लावल्यासारखा, आणि खांद्यावर विटकरी रंगाचा डाग. प्रथम पाहिलं ते पोरीनं. "आई, हिला हळद लावली!" असं ओरडून तिनं आपण होऊन तोंड उघडलं. आपण होऊन! त्या पाखराचे तिनं तीन घास खाल्ले. चिऊला एक घास आणि हिला तीन, हा तिनंच घातलेला कायदा. तिची आई पदरानं डोळे पुसत भरवत होती. मी पडद्यामागे साहेबाच्या कागदावरून बोट फिरवत होतो. वरून तपकिरी, खालून फिकट. वरून तपकिरी, खालून फिकट. हळद कुठं नाही.

मग ती हळदीची पाखरं रोज येऊ लागली. एकदम पाहिलेली जास्तीत जास्त चार, हे मी शपथेवर सांगतो. चार म्हणजे बारा घास. पंधरा दिवसांत पोरीच्या गालांवर जरा मांस दिसू लागलं. वाटीभर भात अजून संपत नसे, तळाशी उरेच, पण अर्ध्याच्या वर जाऊ लागला. वैद्यांना धारला कळवलं, त्यांचं उत्तर आलं, वाटी संपू द्या, मग मी निश्चिंत.

इकडे मी सगळं इंग्रजी पणाला लावून साहेबाला लिहिलं. रंग, आकार, चोच, चाल, आवाज, काही सोडलं नाही. बाजूला चित्रही काढलं. साहेबाचं उत्तर आलं ते अडीच ओळींचं. नुसत्या वर्णनावरून काही सांगता येत नाही. बहुधा चिमणीचं पिल्लू असेल. खात्री हवी तर पक्षी पाठव.

चिमणीचं पिल्लू! मी, ज्यानं हातभर बांधाची चूक कधी केली नाही, तो मी चिमणीच्या पिल्लाला फसलो म्हणे! मला अन्न गोड लागेना. आणि खरी मेख पुढं होती. खाली ताजा कलम म्हणून साहेबानं लिहिलं होतं, की एक पक्षी संशयाचा असला तर मोजणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही भरवसा ठेवणं जड जातं. म्हणजे गवळ्याचं हसणं, कचेरीतली कुजबुज, समोरच्यांची थट्टा, हे सगळं ज्यासाठी सोसलं ते एका पाखरापायी पाण्यात.

"पक्षी पाठव म्हणजे जिवंत?" कुटुंबानं विचारलं.

मी साहेबाचं पत्र घडी करून खिशात घातलं. तिला कळलं.

"आपल्या घरात किडामुंगी मारत नाहीत," ती म्हणाली.

"मला कुठं मारायचाय? साहेब दौऱ्यावर इंदूरला येतोय. तिथून पुढं आग्रा रोडनं इकडून जाणार आहे. सकाळी घटकाभर थांबेल. तोच मारेल." तिचा चेहरा पाहून मी घाईघाईनं म्हटलं, "चार आहेत ना त्या? चारातली एक गेली तर काय बिघडलं? तीन राहतील."

"राहतील? बंदूक वाजल्यावर?"

"येतील परत. पाखरंच ती."

"आणि तीनच आल्या, तर चौथी कुठाय म्हणून ती विचारणार नाही? ती मोजते. तुमचीच पोर आहे." आणि माझ्याकडे न पाहता, "त्या गेल्या तर मी तिला कुणाचे घास भरवू, ते एवढं साहेबाला विचारून ठेवा."

मला तिचं पटत नव्हतं असं नाही. पण पटलं म्हणून राग जातो थोडाच! सगळ्या बाजूंनी मला कोंडीत धरलंय असं वाटे. साहेब म्हणतो तू चुकलास, बायको म्हणते तू चुकतोयस, आणि मी बरोबर होतो हो! पाखरू होतं, हळद होती, चार होत्या. बरोबर असूनही खोटं ठरणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी कचेरीतून बंदुकीचा परवाना काढला, थोरल्या पातीच्या हद्दीत पक्षी मारण्यापुरता, आणि साहेबाला या म्हणून लिहिलं.

साहेब आला तो टांग्यातून, उन्हं अंगणात उतरत होती तेव्हाच. मी कचेरीतून मुद्दाम त्याच्यासाठी कप-बशी आणि किटलीत चहा मागवून ठेवला होता. पडवीत खुर्ची मांडली, त्यानं बारीक छऱ्यांची बंदूक मांडीवर घेतली, आणि आम्ही दोघं चिकाच्या पडद्यातून फरशीकडे बघत बसलो.

फरशीवर एक दाणा नव्हता. परळ पालथी घातलेली. पाखराचं नाव नाही.

मी आत जाऊन पाहिलं. चूल विझलेली. स्वयंपाकघरात कुणी नाही, देवघरात कुणी नाही, पोरीचं अंथरूण रिकामं. बाहेर आलो तर साहेब उठून ओट्यावर उभा, दुर्बीण डोळ्यांना लावून रस्त्याच्या पलीकडे बघतोय.

समोरच्यांच्या ओट्यावर आमचं कुटुंब बसलं होतं. मांडीवर पोर, हातात दूधभाताची वाटी, शेजारी त्यांच्या काकू. दिवाळीपासून ज्या घराशी बोलणं नव्हतं, त्या घराच्या ओट्यावर ती राजरोस मांडी ठोकून बसली होती. आणि आमच्या कण्या, आमची बाजरी त्यांच्या पायांशी सांडलेली, आणि आमची सगळी पाखरं तिथं! चिमण्या, होले, आणि त्यांच्यात त्या हळदीच्या. चारही.

"त्याच!" मी साहेबाला म्हटलं. "त्याच त्या! पिवळा गळा दिसतोय ना?"

"दिखता है," साहेब म्हणाला. छावणीत शिकलेली त्याची हिंदी होती. "कुछ पीला दिखता है."

तेवढ्यात समोरचे गृहस्थ बाहेर आले. डोक्याला पगडी, अंगात कचेरीचा अंगरखा, जणू दरबारात उभे आहेत. रस्त्याच्या बरोबर मध्यावर येऊन त्यांनी लवून मुजरा केला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "हुज़ूर, सड़क के बीच से छोटी पाती लगती है. उधर का परवाना इधर नहीं चलेगा." मग माझ्याकडे वळून, मराठीत, तितक्याच अदबीनं, "मोजणीदार, हद्द तुम्हालाच ठाऊक. हवी तर साखळी आणा."

साहेब हसला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परवाना असता तरी बायका-पोरांच्या पायांशी कोण बंदूक झाडणार होतं? त्यानं बंदूक पेटीत ठेवली, चहाचा घोट घेतला. मी विनवलं, की साहेब, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आता तरी कागदावर घ्या. त्यानं मान हलवली. म्हणाला, "दिखता है. मगर जो हाथ में नहीं, वो काग़ज़ पर नहीं." तू ते पाखरू गाळून टाक, बाकीचं पाठव, मग बघू. टांगा वळला आणि रस्त्याच्या आमच्या बाजूनं हळूहळू निघाला. हिवाळाभराचं काम 'मग बघू'वर आलं होतं.

माझं डोकं भणाणलं होतं. सरळ रस्ता ओलांडून मी समोरच्या ओट्याशी गेलो. कुटुंबाला हाताला धरून घरी आणायचं, एवढंच मनात होतं. माझी पावलं वाजली आणि सगळी पाखरं एकदम उठून पिंपळावर गेली.

वाटी निम्मी भरलेली होती. पोरीनं रिकाम्या फरसबंदीकडे पाहिलं, मग पिंपळाकडे, मग माझ्याकडे. तिनं कुणी विचारायच्या आत सांगितलं, "बाबांनी उडवल्या."

मला वाटलं, संपलं. आता ही खात नाही. कुटुंबालाही तेच वाटलं असणार, कारण तिचा हात वाटीतच राहिला. मग तिनं एक घास उचलला आणि म्हणाली, "हा घास काकूंचा." पोरीनं काकूंकडे पाहिलं. काकू शेजारी होत्या, खऱ्या होत्या. तिनं तोंड उघडलं. "हा काकांचा," समोरचे गृहस्थ पगडी काढून दारात उभे होते, त्यांचाही खाल्ला. गोठ्यातल्या बैलाचा खाल्ला. भिंतीवर बोका बसला होता, त्या मेल्या बोक्याचा खाल्ला. मी ओट्याखाली उभा, बोलायला आलेलं सगळं विसरून बघत होतो. आजवर असं कधी झालं नव्हतं. पाखरू नसताना पोर खात होती.

"हा साहेबाचा," कुटुंब म्हणालं. वळणावर टांगा अजून दिसत होता. पोरीनं तिकडे पाहिलं आणि तोही घास गिळला. साहेबाचा! बंदूक घेऊन आला त्याचा!

आता वाटीच्या तळाशी एकच घास उरला होता. काकू पुढं वाकून बघत होत्या. कुटुंबानं वाटी तिरकी करून सगळी शितं गोळा केली आणि हसत म्हणाली, "आणि हा शेवटचा, हा बाबांचा."

पोरीनं तोंड मिटलं.

"घे गं सोने," काकू म्हणाल्या. "बाबांचा आहे ना?"

तिनं मान फिरवली. ओठ आत ओढून घेतले. कुटुंबानं दोनदा, तीनदा घास ओठांना लावून पाहिला. मी पुढं झालो, वाकलो, म्हटलं, "घे की गं बाळ." तिनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

कुटुंबानं माझ्याकडे वर पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझा हात ओढून घेतला आणि तो घास माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या," ती म्हणाली. "तुमचा तुम्हीच खा. वाटी संपली पाहिजे."

रस्त्यावरून माणसं जात होती. समोरचे गृहस्थ बघत होते, गवळी कासंडी घेऊन उभा राहिला होता. मी धाकट्या पातीत उभ्या उभ्या तो घास खाल्ला.